दुखतात सांधे, मग चौकशी हृदयाची का?

बोटांचे सांधे सुजलेत, सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही, म्हणून माणूस संधिवाताच्या डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर एकेक सांधा दाबून बघतात, रक्ताच्या तपासण्या लिहून देतात आणि मग विचारतात, ‘घरात कुणाला हार्ट अटॅक आला होता का? तेव्हा त्यांचं वय किती होतं? सिगारेट, तंबाखू?’ वर बीपी मोजतात आणि शुगर-कोलेस्टेरॉलही करून आणायला सांगतात. रुग्ण गोंधळतो. कुणाला वाटतं तपासण्या उगाच वाढवल्या, कुणाला धसकाच बसतो.

ज्या डॉक्टरांनी हे विचारलं त्यांनी आपलं काम चोख केलं, असं मी म्हणेन. कारण असंख्य रुग्णांच्या बाबतीत हे होतच नाही. वर्षानुवर्षं सांध्यांचे उपचार चालू राहतात, फाइल जाडजूड होते आणि तिच्यात हृदयाच्या धोक्याचा हिशेब एकदाही मांडलेला नसतो. तो का मांडायचा, कसा मांडायचा आणि नेहमीच्या पद्धतीने मांडला तर कुठे फसतो, ते नीट समजून घेऊ.

आधी, कोणते आजार?

सांधेदुखीचे ढोबळमानाने दोन गट पडतात. वयानुसार गुडघ्यातली कूर्चा झिजते आणि दुखायला लागतं, तो झिजेचा संधिवात. हा लेख त्याच्याबद्दल नाही. दुसऱ्या गटात जंतूंशी लढण्यासाठी असलेली रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस (पुढे याला आरए म्हणू), सोरायसिसबरोबर येणारा सोरायटिक आर्थ्रायटिस, पाठीचा कणा आखडवणारा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, त्वचेपासून मूत्रपिंडापर्यंत कुठेही हल्ला करणारा ल्युपस आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींनाच सूज आणणारे व्हॅस्क्युलायटिस हे सगळे या गटातले. गाऊटचं मूळ वेगळं आहे, त्यात युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचतात. पण दाह त्यातही जबरदस्त असतो, म्हणून तोही इथेच मोजायचा.

दाह हा शब्द या लेखात वारंवार येईल, तर त्याचा अर्थ एकदाच सांगून टाकते. प्रतिकारशक्तीच्या पेशी एखाद्या जागी जमतात, रसायनं सोडतात, ती जागा सुजते, गरम होते, दुखते. ही सगळी प्रक्रिया म्हणजे दाह. जखम झाली की तो हवाच असतो आणि काम झालं की विझतोही. या आजारांमध्ये तो विझत नाही. रक्तातल्या सीआरपी आणि ईएसआर या तपासण्यांवरून तो किती आहे याचा अंदाज येतो.

बोटांतली सूज हृदयापर्यंत कशी पोचते?

धमन्या चरबीने तुंबतात एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण चरबी नळात गाळ साचतो तशी नुसती साचत नाही, ती धमनीच्या भिंतीच्या आत शिरते. धमनीच्या आतल्या बाजूला पेशींच्या एकाच थराचं पातळ अस्तर असतं. पितळेच्या भांड्याची कल्हई असते ना, तसं. कल्हई शाबूत आहे तोवर आत काय ठेवलंय याची काळजी नसते. ती उडाली की तेच आतलं कळकायला लागतं. धमनीचं अस्तर धड असेल तर रक्तातल्या एलडीएलला, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो त्याला, भिंतीत शिरायला फारशी वाट मिळत नाही. अस्तर बिघडलं की तेवढंच एलडीएल जास्त नुकसान करतं.

आता आरए झालेल्या माणसाच्या शरीरात काय चाललंय ते बघा. सुजलेल्या सांध्यातून टीएनएफ आणि इंटरल्युकिन-6 ही दाह भडकवणारी रसायनं सतत रक्तात उतरत असतात. ती बोटांतच थांबत नाहीत. यकृतात जाऊन ती सीआरपी आणि रक्त गोठवणारे घटक वाढवतात, स्नायूंमध्ये जाऊन इन्सुलिनचं काम अवघड करतात आणि धमन्यांचं अस्तर बिघडवतात. भिंतीत शिरलेली चरबी खायला ज्या पेशी येतात, त्या चरबीने फुगून तिथेच अडकतात. अशा पेशींचा आणि चरबीचा जो थर भिंतीत तयार होतो त्याला प्लाक म्हणतात. त्याच्यावर एक टोपण असतं. दाह जास्त असेल तर हे टोपण आतून कुरतडलं जातं, पातळ होतं आणि एक दिवस फुटतं. फुटलेल्या जागी रक्ताची गुठळी होते, धमनी काही मिनिटांत बंद पडते. हार्ट अटॅक म्हणतात तो बहुतेक वेळा असा येतो.

म्हणून फक्त धमनी किती टक्के अरुंद झाली एवढं बघून भागत नाही. आरए रुग्णांच्या शवविच्छेदनांच्या अभ्यासात असं दिसलं आहे की त्यांच्या धमन्यांत प्लाक काही वेळा इतरांपेक्षा कमीही असतो, पण जो असतो त्यात दाह अधिक असतो आणि तो फुटण्याच्या बेतात असतो.

धोका वाढतो म्हणजे नेमका किती?

2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात 24 अभ्यासांतल्या 1,11,758 आरए रुग्णांची माहिती एकत्र करण्यात आली. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण सर्वसामान्य लोकांच्या सुमारे दीडपट निघालं. नेदरलँड्स आणि डेन्मार्कमधल्या अभ्यासांत तर आरएचा धोका मधुमेहाच्या धोक्याच्या जवळपास जाणारा दिसला. मला ही तुलना फार महत्त्वाची वाटते. मधुमेह झाला म्हटलं की हृदयाची काळजी घ्यायची, हे आज डॉक्टरांपासून शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. आरएच्या वाट्याला ती सवय अजून आलेली नाही.

दीडपट ऐकून घाबरूनही जायचं नाही. दीडपट कशाच्या, हे विचारायचं. दहा वर्षांत हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक येण्याची शक्यता एखाद्याची शंभरात 2 असेल, तर दीडपट म्हणजे 3. मूळ शक्यताच शंभरात 10 असेल, तर दीडपट म्हणजे 15. पहिल्याच्या बाबतीत फरक एकाचा, दुसऱ्याच्या बाबतीत पाचाचा. एकाच आजाराचे दोन रुग्ण, पण सल्ला पूर्ण वेगळा.

ल्युपसचं चित्र आणखी वेगळं आहे. 1997 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात 35 ते 44 वयाच्या ल्युपस असलेल्या स्त्रियांमध्ये हार्ट अटॅकचं प्रमाण त्याच वयाच्या इतर स्त्रियांच्या 50 पटींहून जास्त आढळलं. हा आकडा मोठा दिसण्याचं एक कारण असं की त्या वयाच्या इतर स्त्रियांना हार्ट अटॅक जवळजवळ येतच नाही. तरीही तिशी-चाळिशीतल्या बाईच्या छातीत दुखतंय आणि तिला ल्युपस आहे, तर ‘या वयात कसला हार्ट अटॅक’ असं म्हणून तिला घरी पाठवता येणार नाही.

नेहमीचा हिशेब कसा करतात?

हृदयाचा धोका मोजायला डॉक्टर तयार गणकयंत्रं वापरतात. याची सुरुवात अमेरिकेतल्या फ्रामिंगहॅम गावात 1948 मध्ये सुरू झालेल्या अभ्यासातून झाली. हजारो लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं आणि कुणाला हृदयविकार झाला, त्यांच्यात आधी काय काय होतं, हे बघून सूत्रं बांधली गेली. युरोपात आता स्कोअर-2, ब्रिटनमध्ये क्यूरिस्क-3 आणि अमेरिकेत प्रिव्हेंट अशी गणकयंत्रं आहेत. वय, लिंग, वरचं बीपी, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, काहींत मधुमेह, अशी माहिती भरली की पुढच्या दहा वर्षांत हार्ट अटॅक किंवा स्ट्रोकची शक्यता किती टक्के, ते समोर येतं.

गोची अशी की ही सूत्रं सर्वसामान्य लोकसंख्येवरून बांधलेली आहेत आणि त्यांतली बहुतेक यंत्रं दाहाबद्दल विचारतच नाहीत. बारा वर्षं सीआरपी चढलेली असलेली बाई आणि आयुष्यात कधी सांधा न सुजलेली बाई, दोघींचं वय, बीपी आणि कोलेस्टेरॉल सारखं असेल तर यंत्र दोघींना एकच टक्का देतं.

यावर युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने, युलारने, 2010 मध्ये एक सरळ तोडगा सुचवला: आलेल्या आकड्याला 1.5 ने गुणा. तेव्हा त्यांनी अटी घातल्या होत्या. आजार दहा वर्षांहून जुना, रक्तात आरएचे अँटिबॉडीज (प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच शरीराविरुद्ध तयार केलेली प्रथिनं) आणि सांध्यांबाहेरच्या अवयवांनाही त्रास, या तिन्हींपैकी दोन गोष्टी असतील तरच गुणायचं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित शिफारशींत या अटी काढून टाकल्या. ज्या यंत्रात आरए आधीच धरलेला नाही, त्यात आरएच्या प्रत्येक रुग्णासाठी गुणा, असं आता त्यांचं म्हणणं आहे.

एक उदाहरण धरू. बावन्न वर्षांची बाई, आरए आहे, यंत्राने 4 टक्के दाखवलं. 2021 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार पन्नास ते एकोणसत्तर या वयात 5 टक्क्यांखाली धोका कमी ते मध्यम आणि 5 ते 10 म्हणजे जास्त. चाराला दीडने गुणलं की झाले 6. बाई एका गटातून उचलून दुसऱ्या गटात गेली. गुणायचं राहून गेलं असतं तर तिला ‘सगळं ठीक आहे’ सांगून पाठवलं असतं, आणि तिच्याशी कोलेस्टेरॉलच्या गोळीविषयी कुणी बोललंही नसतं.

क्यूरिस्क-3 मध्ये मात्र आरए, ल्युपस आणि स्टिरॉइडच्या गोळ्या हे तिन्ही प्रश्न यंत्रातच आहेत. तिथे पुन्हा दीडने गुणायचं नाही, नाहीतर एकाच गोष्टीचा हिशेब दोनदा होतो. ते ब्रिटनमधल्या लोकांच्या माहितीवर बांधलेलं आहे, म्हणून दुसरीकडे वापरताना आकडा थोडा सैल धरावा लागतो.

‘दीडने गुणणं म्हणजे अंदाजपंचेच की!’

आक्षेप रास्त आहे. दहा वर्षं आजार पूर्ण शांत असलेला माणूस आणि दर दोन महिन्यांनी आजार उचल खातोय असा माणूस, दोघांना तोच गुणक लावणं ढोबळच आहे. गुणल्यावरही गट बदलतो तो थोड्याच रुग्णांचा, हेही अभ्यासांत दिसलेलं आहे. तरुण रुग्णांच्या बाबतीत तर यंत्रं जवळजवळ आंधळी आहेत. स्कोअर-2 वयाच्या चाळिशीपासून चालू होतं. अठ्ठावीस वर्षांच्या ल्युपसच्या मुलीला त्यात जागाच नाही, आणि जिथे जागा आहे तिथेही वय कमी म्हणून आकडा इवलासा येतो.

म्हणून आकड्यावर थांबायचं नसतं. आजार किती वर्षं आहे, किती काळ तो पेटलेला होता, स्टिरॉइड किती घेतलं, मूत्रपिंडं कशी आहेत, ल्युपसमध्ये रक्ताच्या गुठळ्या करणारे अँटिबॉडीज आहेत का, घरात लहान वयात हृदयविकार होता का, हे सगळं डॉक्टरांनी त्या आकड्याच्या शेजारी मांडून बघायचं असतं. आकडा काठावर असेल तर मानेतल्या धमन्यांची सोनोग्राफी उपयोगी पडते. तिला सुई नाही, दुखत नाही आणि भिंतीत प्लाक आहे की नाही ते डोळ्यांनी दिसतं. प्लाक दिसला की यंत्र काहीही म्हणो, धोका जास्त धरायचा. प्रत्येकाने ती करून घ्यावी असं मात्र नाही. ज्याचा धोका आधीच स्पष्ट आहे, त्याच्या उपचारात तिने काही फरक पडत नाही.

‘पण माझं कोलेस्टेरॉल तर नॉर्मल आलंय’

या आजारांमध्ये सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा सावकाश वाचा.

दाह पेटलेला असताना रक्तातलं कोलेस्टेरॉल खाली येतं. एलडीएल उतरतं, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएलही उतरतं, बहुतेक वेळा जास्त उतरतं. त्यामुळे आजार सगळ्यात जोरात असतो, धमन्यांना सगळ्यात जास्त इजा होत असते, नेमका तेव्हाच रिपोर्ट छान दिसतो. तज्ज्ञ याला लिपिड विरोधाभास म्हणतात.

समजा, आजाराच्या भरात केलेल्या रिपोर्टमध्ये सीआरपी 40, एकूण कोलेस्टेरॉल 160 आणि एचडीएल 32 आहे. उपचार लागू पडले. सहा महिन्यांनी सीआरपी 3 वर आली, सांधे मोकळे झाले, पण एकूण कोलेस्टेरॉल 195 झालं आणि एचडीएल 48. रुग्ण रिपोर्ट बघतो आणि त्याला वाटतं, सांध्यांच्या औषधाने कोलेस्टेरॉल वाढवलं. कित्येक जण इथेच औषध सोडतात. आता एकूण कोलेस्टेरॉलला एचडीएलने भागून बघा. आधी 160 भागिले 32, म्हणजे 5. नंतर 195 भागिले 48, म्हणजे 4 च्या आसपास. हे गुणोत्तर कमी झालं, म्हणजे चित्र सुधारलंय. दाहाच्या चढउतारात सुट्या आकड्यांपेक्षा हे गुणोत्तर कमी हलतं, म्हणून युलारनेही ते वापरायला सांगितलं आहे.

शिवाय लिपिड प्रोफाइल करायचीच तर आजार शांत किंवा निदान स्थिर असताना करा. ऐन भरात केलेली असेल तर तिच्यावर निर्णय घेऊ नका, आजार आटोक्यात आल्यावर पुन्हा करा. रिपोर्टवर त्या दिवशीची सीआरपी लिहून ठेवली तर पुढे बघणाऱ्या डॉक्टरांना फार मदत होते.

टोसिलिझुमॅब हे इंटरल्युकिन-6 ला अडवणारं इंजेक्शन सुरू केल्यावर एलडीएल ठळकपणे वाढतं. त्याने हार्ट अटॅक वाढतात का, हे बघायला आरएच्या तीन हजारांहून जास्त रुग्णांत एन्ट्रॅक्ट नावाची चाचणी झाली. टीएनएफ अडवणाऱ्या इटानरसेप्टच्या तुलनेत हृदयविकाराच्या घटना टोसिलिझुमॅबने लक्षणीय वाढलेल्या दिसल्या नाहीत. वाढलेलं एलडीएल तसंच सोडून द्यावं, असा मात्र याचा अर्थ होत नाही. ते मोजायचं आणि गरज पडली तर त्याच्यावर उपचार करायचे.

‘सूज आटोक्यात आली की हृदयाचंही भागलं ना?’

अर्धं भागतं. दाह कमी केला की हृदयाचा धोका कमी होतो का, याचं थेट उत्तर 2017 मध्ये कँटॉस चाचणीने दिलं. हार्ट अटॅक येऊन गेलेले आणि सीआरपी वाढलेली असलेले 10,061 लोक त्यात होते. कॅनाकिनुमॅब नावाच्या दाहविरोधी इंजेक्शनाच्या 150 मिलिग्रॅमच्या डोसने पुढच्या घटना सुमारे 15 टक्क्यांनी घटल्या, आणि त्यांचं एलडीएल होतं तिथेच राहिलं. चरबीला हात न लावता नुसता दाह कमी करून फायदा झाला. त्याच औषधाने जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले, म्हणून ते हृदयासाठी सर्रास वापरात आलं नाही, पण मुद्दा सिद्ध झाला.

नंतर सीआयआरटी चाचणीत जुन्या हृदयरोग्यांना मेथोट्रेक्सेट हे आरएमधलं नेहमीचं औषध कमी डोसमध्ये दिलं, तेव्हा काहीच फरक पडला नाही. त्यांची सीआरपीही त्याने उतरली नव्हती. ते लोक आरएचे रुग्ण नव्हते, हे इथे लक्षात ठेवायला हवं. आरएच्या रुग्णांवरच्या अभ्यासांत मेथोट्रेक्सेट आणि टीएनएफ अडवणारी औषधं घेणाऱ्यांना हृदयविकार कमी झालेला दिसतो. 2015 च्या एका एकत्रित विश्लेषणात दोन्हींबरोबर हे प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास कमी होतं. ही निरीक्षणं आहेत, त्यातून कार्यकारणभाव छातीठोकपणे सांगता येत नाही, पण दिशा स्पष्ट आहे.

उरलेलं अर्धं म्हणजे तेच जुने शत्रू: बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, तंबाखू, वजन. सांधे कितीही छान झाले तरी ते आपोआप जात नाहीत.

‘या औषधांनीच हृदय बिघडत असेल तर?’

काही औषधांबद्दल ही भीती बरोबर आहे, म्हणून सरसकट बोलून चालणार नाही.

स्टिरॉइड आधी बघू. ते दाह झपाट्याने उतरवतं, आणि त्याच वेळी बीपी, शुगर, वजन वाढवतं. जितका डोस आणि जितका काळ जास्त, तितका धोका जास्त. वरच्या त्याच 2015 च्या विश्लेषणात स्टिरॉइड घेणाऱ्या आरए रुग्णांत हृदयविकाराचं प्रमाण सुमारे 47 टक्क्यांनी जास्त दिसलं. यात एक मेख आहे: ज्यांचा आजार जास्त उग्र त्यांनाच स्टिरॉइड जास्त दिलं जातं, तेव्हा किती दोष औषधाचा आणि किती आजाराचा, हे पुरतं वेगळं काढता येत नाही. कमीत कमी डोस, कमीत कमी काळ, हे सूत्र मात्र सगळे मानतात. आणि स्टिरॉइड अचानक स्वतःच्या मनाने बंद करणं धोक्याचं असतं, ते हळूहळूच उतरवायचं असतं.

पेनकिलर, विशेषतः डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या, दुकानातून आणून महिनोन्‌महिने खाणारे लोक बघितले की वाईट वाटतं. या वर्गातलं रोफेकॉक्सिब हे औषध हार्ट अटॅक वाढतात म्हणून 2004 मध्ये बाजारातून मागे घेतलं गेलं. बाकीच्या गोळ्यांचा धोका एकसारखा नाही, पण बीपी वाढणं, अंगात पाणी साचणं, मूत्रपिंडावर ताण हे बहुतेकींमध्ये होतं. आयबुप्रोफेन तर हृदयासाठी घेतलेल्या ॲस्पिरिनच्या कामात अडथळा आणतं. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसमध्ये हीच औषधं मुख्य उपचार असतात, म्हणून ‘पेनकिलर कधीच नको’ असं म्हणता येत नाही. ज्यांना हृदयविकार आहे किंवा धोका जास्त आहे, त्यांनी मात्र प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगूनच घ्यावी.

टोफासिटिनिबसारख्या, पेशींमधल्या जॅक या दाहाचे निरोप पोचवणाऱ्या प्रथिनांना अडवणाऱ्या गोळ्यांची गोष्ट गेल्या काही वर्षांतली. पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयाला धोका पोचवणारी किमान एक गोष्ट असलेल्या आरए रुग्णांत टीएनएफ अडवणाऱ्या इंजेक्शनांशी टोफासिटिनिबची तुलना झाली. निष्कर्ष 2022 मध्ये छापून आले: हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचं प्रमाण टोफासिटिनिब घेणाऱ्यांत 3.4 टक्के, इंजेक्शनवाल्यांत 2.5 टक्के. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2021 मध्येच या वर्गातल्या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला होता. आता या गोळ्या सुरू करण्याआधी वय, सिगारेट आणि हृदयाचा इतिहास विचारला जातो तो यामुळे. तरुण, सिगारेट न ओढणाऱ्या, दुसऱ्या औषधांनी बरं न वाटलेल्या रुग्णाला त्या चांगल्या लागू पडू शकतात.

‘आधीच मूठभर गोळ्या, त्यात आणखी स्टॅटिन?’

स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी. आरए आहे म्हणून सगळ्यांनाच ती द्यायची नसते, हिशेब केल्यावर धोका जास्त निघाला तरच. आरएच्या जवळजवळ तीन हजार रुग्णांवर ट्रेस-आरए या चाचणीत 40 मिलिग्रॅम ॲटोरव्हास्टॅटिन देऊन बघितलं. घटना अपेक्षेपेक्षा कमी घडत होत्या म्हणून चाचणी आधीच थांबवावी लागली आणि 34 टक्क्यांची घट संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरी उतरली नाही. पण एलडीएल इतर लोकांइतकंच उतरलं आणि आरएमुळे स्टॅटिनचे दुष्परिणाम वाढल्याचंही दिसलं नाही.

स्नायू दुखायला लागले तर ते आजाराने की गोळीने, हा प्रश्न या रुग्णांना पडतोच. गोळी सोडून देण्याऐवजी रक्तातलं सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारा घटक) तपासून घ्यावं. स्नायूंचाच दाहक आजार असलेल्यांनी आणि सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घेणाऱ्यांनी हे आपल्या तज्ज्ञांना आधीच विचारावं. आणि ‘रक्त पातळ राहील’ म्हणून स्वतःहून ॲस्पिरिन सुरू करू नये. स्टिरॉइड आणि पेनकिलरच्या जोडीला ते आलं की पोटातल्या रक्तस्रावाची भीती वाढते.

बारीक आहे म्हणून निर्धास्त?

आरएच्या दीर्घ दाहाने स्नायू झडतात. वजन कमी भरतं, पण जे घटलेलं असतं ते स्नायूंचं. चरबी तशीच असते. म्हणून या आजारात फार कमी वजन हे धोक्याचं लक्षण ठरू शकतं. तंबाखू आणि सिगारेटबद्दल एवढंच सांगते की सिगारेट आरए व्हायलाही कारणीभूत ठरते, झाल्यावर औषधांचा गुण कमी करते आणि धमन्याही बिघडवते. सोडण्यातून तिन्ही ठिकाणी फायदा देणारी दुसरी गोष्ट मला ठाऊक नाही. व्यायामाने सांधे झिजतात ही समजूत चुकीची आहे. आजार स्थिर असताना चालणं, पोहणं, सायकल आणि हलके स्नायूंचे व्यायाम सांध्यांना आणि हृदयाला दोघांनाही मानवतात.

हा हिशेब करायचा कुणी?

इथेच सगळं अडतं. संधिवाततज्ज्ञांना वाटतं, बीपी-कोलेस्टेरॉल फॅमिली डॉक्टर बघत असतील. फॅमिली डॉक्टरांना वाटतं, एवढा मोठा तज्ज्ञ बघतोय तर त्यांनी सगळं बघितलंच असेल. युलारने जबाबदारी संधिवाततज्ज्ञांवर टाकली आहे: प्रत्यक्ष उपचार कुणीही करो, हिशेब झाला आहे की नाही हे बघण्याची खात्री त्यांनी करायची. आरए, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस आणि सोरायटिक आर्थ्रायटिसच्या रुग्णांत तो निदान पाच वर्षांतून एकदा करावा आणि उपचारात मोठा बदल झाला की पुन्हा विचारात घ्यावा, असं त्यांचं म्हणणं आहे. धोका जास्त असेल तर अर्थातच त्याआधी. ल्युपस, गाऊट, व्हॅस्क्युलायटिससाठी त्यांनी 2022 मध्ये वेगळ्या शिफारशी काढल्या. ल्युपसमध्ये बीपी 130/80 च्या खाली ठेवायला त्यांनी सांगितलं आहे.

रुग्णाने काय करावं? पुढच्या भेटीत सरळ विचारावं, ‘डॉक्टर, माझ्या हृदयाचा धोका मोजलाय का? किती टक्के आला? आरए त्यात धरलाय का?’ जाताना आईवडील-भावंडांपैकी कुणाला कितव्या वर्षी हृदयविकार झाला, आजवर स्टिरॉइडचा डोस किती आणि किती काळ होता, आणि दुकानातून आणलेल्या पेनकिलरसह सगळ्या गोळ्या, हे एका कागदावर लिहून न्यावं. एवढ्या माहितीवर हा हिशेब पाच मिनिटांत होतो.

खांदा दुखतोय, तो सांध्याचाच कशावरून?

आरएच्या रुग्णांत हृदयविकार अनेकदा गुपचूप येतो. अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या रुग्णांच्या दीर्घ अभ्यासात दिसलं, की छातीत दुखल्याची तक्रार ते इतरांपेक्षा कमी करतात, पण कळलाच नाही असा हार्ट अटॅक त्यांच्यात जास्त आढळतो. काही जण सांध्यांमुळे फार चालतच नाहीत, त्यामुळे श्रमाने छाती भरून येण्याची वेळच येत नाही. शिवाय खांदा, दंड, मान, जबडा दुखणं त्यांच्या रोजच्या अनुभवातलं असतं. नेमक्या याच जागा हृदयाच्या दुखण्याच्याही आहेत.

सांध्याचं दुखणं बहुतेक वेळा तो सांधा हलवला की बदलतं, दाबलं की दुखतं. हृदयाचं दुखणं हात हलवून फारसं बदलत नाही. ते जिना चढताना, घाईने चालताना येतं आणि थांबलं की ओसरतं. त्याच्या सोबत दम लागणं, दरदरून घाम, मळमळ, कधी नुसताच न समजणारा थकवा असतो. असं काही पहिल्यांदाच होत असेल किंवा विश्रांतीतही थांबत नसेल, तर पेनकिलर घेऊन सकाळपर्यंत वाट बघू नये. लगेच रुग्णालयात जाऊन ईसीजी काढावा आणि तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावं की मला आरए किंवा ल्युपस आहे.